वाचून गायलेली प्रार्थना

कधीही कानावर न पडलेले गीत स्वरलिपी पाहून, वाद्याचा आधार न घेता, पहिल्याच वाचनात गाता येणे या कौशल्याला पाश्चात्त्य संगीतशिक्षणात ‘साइट सिंगिंग’ म्हणतात. स्वरांची चढउतार ओळखणे आणि प्रत्येक स्वराचा काल मोजणे ही त्याची दोन अंगे होत. हा विषय अध्यापनशास्त्राचा वाटला, तरी ज्या समाजांत गायन हे उपासनेचे अंग होते तेथे त्याने एक गंभीर प्रश्न उभा केला. जी प्रार्थना गुरूच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या मुखातून आली नाही, जिचे स्वर गाणाऱ्याने खुणांवरून जुळवून घेतले, ती खऱ्या अर्थाने प्रार्थना ठरते काय? या प्रश्नामागे स्मृती आणि लेखन, परंपरा आणि अधिकार, श्रद्धा आणि समज यांच्या परस्परसंबंधाचा विचार दडलेला असल्यामुळे त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

मौखिक परंपरांनी या प्रश्नाला बहुधा नकारार्थी उत्तर दिले आहे. वेदांच्या उच्चारणाचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांना शिक्षाग्रंथ म्हणतात. त्यांपैकी पाणिनीय शिक्षेत जे सहा प्रकारचे अधम पाठक सांगितले आहेत, त्यांत लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याचीही गणना आहे. मीमांसक कुमारिलभट्टाने तर लेखनाच्या मार्गाने अवगत झालेल्या वेदापासून धर्माचे ज्ञान संभवत नाही, अशी भूमिका घेतली. सामगायनात स्वरांची स्थाने हाताच्या बोटांवर दाखविण्याची पद्धत होती आणि नारदीय शिक्षेत तिचे वर्णन आढळते. म्हणजे खुणांचा उपयोग या परंपरेला मान्य होता, मात्र त्या खुणा जिवंत देहावर असाव्यात, गुरूच्या दृष्टीसमोर असाव्यात, असा तिचा आग्रह होता. या आग्रहाला रूढिप्रियता म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. लिहिलेली खूण वाचकाची चूक दुरुस्त करीत नाही, गुरूचा कान ती करतो; आणि जे पाठ झालेले असते ते माणसाच्या वृत्तीत मुरते, हा अनुभव त्यामागे उभा आहे. युरोपातही सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलचा बिशप इसिदोर याने नोंदविले होते की स्वर लिहून ठेवता येत नसल्यामुळे स्मृतीने धरून न ठेवल्यास ते नष्ट होतात.

हे चित्र अकराव्या शतकात पालटले, आणि ते पालटविणारा मनुष्य स्वतः एक संन्यस्त साधू होता. इटलीतील पोम्पोझा येथील मठात आणि पुढे आरेत्सो येथे गायन शिकविणाऱ्या ग्वीदोने आडव्या रेषांवर आणि त्यांमधील जागांत स्वर मांडण्याची रीत निश्चित केली, कोणती रेषा कोणत्या स्वराची हे कळावे म्हणून रंगीत रेषांचा वापर केला, आणि संत योहानाच्या एका स्तोत्रातील सहा ओळी क्रमाने एकेका वरच्या स्वरापासून सुरू होतात हे हेरून त्या ओळींच्या आरंभीच्या अक्षरांना ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ अशी स्वरनामे दिली. सुमारे 1026 मध्ये त्याने ‘मिक्रोलोगुस’ हा ग्रंथ लिहिला. पोप एकोणिसावा योहान याने त्याला रोममध्ये बोलावून घेतले आणि पूर्वी न ऐकलेली एक ओळ स्वतः वाचून गायली, असे ग्वीदोच्या पत्रातून कळते. या साऱ्या खटाटोपाचा त्याने सांगितलेला हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. मठातील गायकांचे आयुष्य चाली पाठ करण्यात सरते, दहा वर्षे घालवूनही त्यांना गुरूवाचून एखादे साधे पदही गाता येत नाही, आणि त्यामुळे धर्मग्रंथांच्या अध्ययनाला वेळच उरत नाही, ही त्याची खंत होती. स्मृतीवरचे ओझे हलके झाले तर मन ईश्वराकडे अधिक मोकळेपणाने वळेल, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होय. लेखन भक्तीला मारक ठरते या समजाला त्याने भक्तीच्याच बाजूने उत्तर दिले.

या प्रश्नावरील सर्वांत उघड वाद मात्र त्यानंतर सात शतकांनी, उत्तर अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये झाला. तेथील प्युरिटन वसाहतींत प्रार्थनेच्या वेळी वाद्ये वर्ज्य होती आणि बायबलमधील स्तोत्रांच्या पद्यरूपांचे सामुदायिक गायन हेच उपासनेचे संगीत होते. पुस्तके थोडी आणि सर्वांनाच वाचता येत नसे, म्हणून मंडळीतील एकाने एक ओळ उच्चारावी आणि मग सर्वांनी ती गावी, असा प्रघात पडला. पिढ्या उलटत गेल्या तशा चाली मोजक्याच उरल्या, लय संथ होत गेली, आणि प्रत्येक जण आपापल्या सवयीने स्वरांना वळणे देऊ लागल्यामुळे एकच चाल शेजारशेजारी बसलेल्या माणसांच्या तोंडी निरनिराळी होऊ लागली. 1720 च्या सुमारास टॉमस सिम्स, जॉन टफ्ट्स आणि टॉमस वॉल्टर या धर्मोपदेशकांनी स्वरलिपीनुसार गाण्याचा पुरस्कार करणारी पुस्तके लिहिली. टफ्ट्सने तर रेषांवर स्वरनामांची आद्याक्षरे मांडून आणि त्या अक्षरांपुढील बिंदूंनी कालमान दाखवून नवशिक्याची वाट सोपी केली. विरोधकांचे आक्षेप सिम्सने नोंदवून ठेवले आहेत. ही रीत नवी आहे, ती पोपपंथाकडे नेणारी आहे, स्वरांची नावे देवनिंदा करणारी आहेत, तिच्यामुळे मंडळीत फूट पडते, आणि ही विद्या न शिकताच अनेक सज्जन स्वर्गाला गेले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण मोक्षासाठी अमुक एक कौशल्य आवश्यक नाही हे सुधारकांनाही नाकारता येत नव्हते. त्यांचे उत्तर असे होते की स्वर वाचून गाणे हीच वसाहतीच्या संस्थापकांची जुनी रीत होती आणि विस्मरणाने आलेल्या गोंधळाला परंपरा म्हणणे चुकीचे आहे. आत्म्याने गावे तसे समजुतीनेही गावे, ही अपेक्षा संत पॉलच्या पत्रात व्यक्त झालेलीच आहे. तिच्या आधारे पाहिल्यास सुधारकांची बाजू बळकट ठरते. तथापि ज्या वृद्धांनी आपली वळणे आयुष्यभर मनोभावे गायली होती, त्यांच्या दृष्टीने ती वळणे हाच त्यांचा ईश्वराशी झालेला संवाद होता, आणि तो गोंधळ ठरविला जाताना त्यांना झालेले दुःखही खरेच होते.

दोन्ही पक्षांच्या वादात एक गृहीतक समान दिसते, ते असे की गीत कागदावर असते आणि वाचणारा ते तेथून उचलतो. हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. स्वरलिपीत नाद नसतो, नादांमधील अंतरे असतात. भारतीय संगीतात षड्ज कोणत्याही उंचीवर धरता येतो आणि गांधार किंवा पंचम हे त्या षड्जापासूनच्या अंतराने ओळखले जातात. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन या इंग्लिश धर्मोपदेशकाने सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून जी ‘टॉनिक सोल्फा’ पद्धती रूढ केली, तिचाही पाया असा सरकता आधारस्वर हाच होता. म्हणून वाचून गायला शिकणारा विद्यार्थी आधी षड्ज मनात स्थिर करतो, षड्ज-पंचम, षड्ज-गांधार अशी अंतरे पुनःपुन्हा गाऊन ती अंगवळणी पाडतो, आणि मगच कागदाकडे वळतो. आवाज लावण्यापूर्वी तो स्वर त्याला अंतर्यामी ऐकू यावा लागतो. ज्याला तो ऐकू येत नाही त्याला कागद काहीच सांगत नाही. याचा अर्थ असा की लेखनाने कंठस्थ विद्येचे स्थान घेतलेले नाही. पूर्वी गीते कंठस्थ असत, आता स्वरांचे संबंध कंठस्थ असावे लागतात. शब्द नित्य असून उच्चार त्याला फक्त प्रकट करतो असे मीमांसक मानतात, तर शब्द प्रत्येक उच्चारात उत्पन्न होऊन नाश पावतो असे नैयायिकांचे मत आहे. वाचून गायलेल्या गीताला या दोन्ही मतांचा अंश लागू पडतो असे म्हणता येईल: त्यातील संबंध गाणाऱ्यापूर्वीही होते आणि त्याच्यानंतरही राहतील, परंतु तो नाद मात्र त्या क्षणी, त्या कंठातून, प्रथमच जन्म घेतो.

कालाच्या वाचनात हा विचार आणखी खोल जातो. संत ऑगस्टिनने आपल्या ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात कालाचे स्वरूप सांगताना पाठ असलेले स्तोत्र म्हणण्याचेच उदाहरण घेतले आहे: म्हणून झालेला भाग स्मृतीत जातो, उरलेला भाग अपेक्षेत असतो, आणि अवधान या दोहोंच्या मध्ये उभे राहून एकाला दुसऱ्यात पालटत असते. वाचून गाणाऱ्याची स्थिती थोडी निराळी आहे. त्याचा कंठ एका मात्रेवर असतो आणि दृष्टी पुढच्या मात्रांवर. जे येणार आहे ते त्याला आठवत नाही, ते त्याला स्वीकारावे लागते. लय वाचायला शिकणारा आधी हाताने ठोका देत मात्रा मोजतो, मग एका मात्रेचे दोन, तीन, चार भाग बोलून पाहतो, आणि सर्वांत शेवटी विराम पाळायला शिकतो. विराम पाळणे अवघड असते, कारण त्यात गाणे थांबते पण मोजणे थांबत नाही. तेराव्या शतकात कोलोनच्या फ्रँकोने कालमानाची लिपी नियमबद्ध करताना काल हे उच्चारलेल्या आणि न उच्चारलेल्या अशा दोन्ही स्वरांचे माप मानले. भरताच्या नाट्यशास्त्रात त्याहून कितीतरी आधी तालाच्या क्रिया सशब्द आणि निःशब्द अशा दोन गटांत विभागून आवाप, निष्क्राम, विक्षेप आणि प्रवेश या निःशब्द क्रियांना सशब्द क्रियांइतकेच स्थान दिले गेले होते, आणि आजच्या टाळी-खालीत तोच विचार टिकून आहे. जे ऐकू येत नाही त्यालाही निश्चित माप असते, आणि ते पाळणे हे गाणाऱ्याचे कर्तव्य असते, ही जाणीव उपासनेच्या वृत्तीशी फार जवळची आहे. मौन सांभाळताना मनाला आवर घालावा लागतो तसाच तो येथेही घालावा लागतो.

लिपीमुळे विद्येचा अधिकार विस्तारतो हेही विचारात घेतले पाहिजे. विष्णू दिगंबर पलुस्कर आणि विष्णू नारायण भातखंडे यांनी आपापल्या स्वरलेखनपद्धती घडविल्या, तेव्हा घराण्यांच्या मर्यादेत राहिलेल्या बंदिशी सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आल्या; गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना उपासनेसाठी सोल्फा शिकविला जाई, त्यामुळे स्वरलिपी सहज वाचणारे वादक तेथे तयार झाले आणि विसाव्या शतकात त्यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद समृद्ध केले. तरीही लिपीची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेषा, सप्तकासाठी बिंदू, समेसाठी गुणिलेचे चिन्ह आणि खालीसाठी शून्य येते, मींडेसाठी कंसही येतो. परंतु त्या मींडेचा वेग, दरबारी कानड्यातील गांधाराचे आंदोलन किंवा अभंग म्हणणाऱ्याच्या स्वरातील आर्तता यांना चिन्ह नाही. ती गुरूकडून, सहवासातून आणि स्वतःच्या साधनेतूनच मिळते. कुमारिलाचा आक्षेप येथे आपले सामर्थ्य राखून आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येते की प्रार्थनेचे प्रार्थनापण तिच्या आगमनाच्या मार्गावर, म्हणजे कानावर किंवा डोळ्यांवर, अवलंबून नसते. स्वीकारणाऱ्याने तिच्या मापाला स्वतःला किती प्रामाणिकपणे बांधून घेतले, यावर ते अवलंबून असते. ऐकून शिकणारा गुरूच्या स्वराला शरण जातो, वाचून गाणारा अशा एका मापाला शरण जातो जे कोणाच्याही मालकीचे नाही आणि म्हणून सर्वांना समान बंधनकारक आहे. पहिल्या मार्गात अहंकाराला गुरू आवरतो, दुसऱ्यात तो प्रत्येकाने स्वतः आवरायचा असतो. म्हणूनच दुसरा मार्ग सोपा भासला तरी अधिक जबाबदारीचा आहे. न ऐकलेल्या गीतापुढे उभे राहून, आपल्या आवडीची वळणे बाजूला ठेवून, लिहिलेले तेवढेच आणि विरामासकट सारे गाण्याची शिस्त ज्याने अंगी बाणवली, त्याला परंपरेपासून तुटलेला म्हणता येणार नाही. न पाहिलेल्या पूर्वजांचे आणि न भेटलेल्या गुरूंचे देणे तो त्या शिस्तीतून स्वीकारतो, आणि हा स्वीकार श्रद्धेचाच एक प्रकार आहे.