मृतांचे आपण काय लागतो?

पुरातन स्थळे पाहावयास आपण जातो ते कोणत्या नात्याने? तेथे ज्यांच्या खुणा उरल्या आहेत, ती माणसे आपल्या वंशाची नव्हेत की आपल्या विश्वासाचीही नव्हेत. त्यांना आपण साह्य करू शकत नाही आणि तीही आपल्या उपकाराची फेड करू शकत नाहीत. मग प्रभूने शिकविलेला ‘शेजारी’ हा शब्द त्यांना लागू पडतो काय?

मेक्सिको देशात ओआहाका शहराजवळ डोंगरमाथ्यावर मोंते आल्बान हे सापोतेक लोकांचे प्राचीन नगर आहे. ख्रिस्तपूर्व 500 च्या सुमारास ते वसले. 1987 साली त्याची गणना जागतिक वारशात झाली. तेथे नग्न पुरुषाकृती कोरलेल्या 300 हून अधिक शिळा सापडल्या आहेत. त्यांचे वाकडेतिकडे हातपाय पाहून पूर्वीच्या लोकांना हे नृत्यच वाटले आणि ‘दान्सान्तेस’, म्हणजे नर्तक, हे नाव रूढ झाले. पुढे अभ्यासकांनी त्यांच्याकडे बारकाईने पाहिले. डोळे मिटलेले होते, तोंडे उघडी होती आणि कित्येकांच्या देहाची विटंबना केलेली होती. हे नर्तक नसून ठार मारलेले युद्धकैदी असावेत, असे आज अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मस्तकाजवळ चिन्हे आहेत; ती बहुधा त्यांची नावे असावीत.

विचार करा! ज्यांना मरण आले, त्यांच्या मरणालाच पाहणाऱ्यांनी नाच म्हटले. त्यांत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. केवळ पाहण्याची घाई होती. परंतु हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडत असता कोणी त्यास गाणे समजला, तर त्या अज्ञानास आपण निर्दोष म्हणू काय?

हा प्रश्न दूरदेशीचाच आहे असे नाही. बेंगळुरूचे यशवंतपूर स्थानक आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. तेथून फार दूर नसलेल्या हेब्बाळ भागात 2018 साली एक वीरगळ उजेडात आला. त्यावरील कन्नड लेख इ. स. 750 च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील आहे. कित्तय्या नावाचा एक पुरुष लढाईत पडला, एवढीच त्याची वार्ता. परिसरातील लोकांनी तो दगड जपला. याच शहराच्या दक्षिणेस बेगूर येथे इ. स. 900 च्या सुमाराचा दुसरा लेख आहे. ‘बेंगळूरु’ हे नाव आढळणारा तो सर्वांत जुना ज्ञात लेख. आणि तोही ‘बेंगळूरूच्या लढाईत’ मेलेल्या बुट्टणसेट्टीविषयीचाच! एवढ्या मोठ्या नगराचे नाव इतिहासात प्रथम आले ते एका माणसाच्या मृत्यूच्या नोंदीत.

मोंते आल्बानचे दगड विजेत्याने उभारले, हेब्बाळ-बेगूरचे आप्तस्वकीयांनी. एकात अपमान आहे, दुसऱ्यात सन्मान. परंतु दोहोंखाली माणूसच आहे, आणि आमच्या विश्वासाप्रमाणे देवाच्या प्रतिरूपाचा माणूस. आपल्या महाराष्ट्रातही गावोगावी वीरगळ आहेत. कोठे त्यांस शेंदूर फासतात, कोठे त्यांवर धुणे धुतात. ‘हे आपल्या धर्माचे नव्हे’ असे म्हणून आपणही पुढे जातो. जखमी मनुष्याला टाळून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गेलेल्या याजकाजवळ तरी याहून वेगळी सबब कोणती असेल?

जिवंत शेजाऱ्यास आपण अन्न देऊ, औषध देऊ. मृतास देता येण्याजोगे एकच दान उरते, ते म्हणजे सत्य. त्याचे नाव नीट वाचावे, त्याच्या दुःखास दुःख म्हणावे. या दानाची परतफेड कधीच होणार नाही, म्हणूनच आपल्या न्यायबुद्धीची खरी कसोटी येथे लागते. जो मृताविषयी खोटे बोलण्यास कचरत नाही, तो दुर्बळ जिवंताविषयी खरे बोलेल याचा काय भरवसा?

यहोशवाने यार्देनेतील बारा धोंडे उभे करविले ते पुढच्या पिढीतील मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा म्हणून. वाचकहो, पुढल्या सुटीत मुलांना एखादे लेणे अथवा किल्ला दाखवाल, तेव्हा वाटेतल्या वीरगळापाशी क्षणभर थांबा. हा कोण होता, असे मुलांनी विचारले, तर उत्तर शोधण्याची तसदी घ्या.