कैदी आणि कर्जदार

अमेरिकेच्या फेडरल न्यायालयात दिवाणी दावा दाखल करायची मूळ फी ३५० डॉलर आहे. तुरुंगाबाहेरच्या गरिबाने आपली गरिबी शपथेवर सांगितली आणि न्यायालयाला ती पटली, तर ही फी माफ होते. १८९२ पासून गरिबांसाठी अशी सोय आहे. कैद्यालाही ती मिळत असे. १९९६ साली ‘प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट’ आला आणि त्याच्यापुरती माफी संपली, हप्ते तेवढे उरले. आधी खात्यातल्या सरासरी रकमेचे २० टक्के, मग दरमहा जमेचे २० टक्के. टेक्सासमध्ये तर तुरुंगातल्या कामाला मजुरीच नाही. म्हणजे खात्यात असते ते घरच्यांनी पाठवलेले.

अगदीच कफल्लक कैद्याला अडवू नये, असे हाच कायदा म्हणतो. पण अर्जासोबत सहा महिन्यांच्या खात्याचा उतारा लागतो आणि तो प्रमाणित करतो तुरुंगाचाच अधिकारी. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच सहीचा कागद! तो मुदतीत पोचला नाही किंवा पहिला हप्ता चुकला, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. मारहाण झाली होती का, औषध नाकारले होते का, हे विचारायची वेळच येत नाही.

कैदी रिकामटेकडे असतात, क्षुल्लक दावे करतात, असे कायदा करणाऱ्यांचे म्हणणे होते. पीनट बटर हव्या त्या प्रकारचे मिळाले नाही म्हणून कोर्टात गेलेल्या कैद्याची गोष्ट तेव्हा हसत हसत सांगितली जाई. न्यायमूर्ती जॉन न्यूमन यांनी मूळ कागद पाहिले. कैद्याने चुकीची बरणी परत केली होती, बदली बरणी येण्याआधीच त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवले आणि अडीच डॉलर मात्र खात्यातून कापलेलेच राहिले. अडीच डॉलर क्षुल्लक, हे ठरवायचे कोणी? ज्याच्या खिशात शंभर आहेत त्याने?

खोटे दावे होतात, हे मीही मानतो. पण खोटे पारखायला न्यायाधीश असतो. फीला खरेखोटे कळत नाही, तिला फक्त खिसा कळतो. आर्कान्सामधल्या अब्दुल मालिक मुहम्मद या कैद्याने (कागदोपत्री ग्रेगरी होल्ट) अर्धा इंच दाढी ठेवू द्यावी म्हणून हाताने अर्ज लिहिला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. असला अर्ज आणि पोरकट अर्ज वाचल्याशिवाय वेगळे कसे करणार?

जकातीचे हकदार सांगणाऱ्या सूरह तौबाच्या आयतीत (९:६०) बंधनातला माणूस आणि कर्जात बुडालेला माणूस शेजारी शेजारी येतात. इथे दोघे एकाच देहात आहेत, आणि कर्ज झाले ते इन्साफ मागितल्यामुळे. दावा फेटाळला तरी ते फिटत नाही. खात्यात दहा डॉलरहून जास्त जमले की आईने पाठवलेल्या पैशातला पाचवा हिस्सा महिन्यामागून महिना न्यायालयाकडे जात राहतो.