विसर्जन न झालेले देव

येत्या मे महिन्यात आठ दिवस लंडनला जाण्याचे आम्ही योजिले आहे. व्हिसाचा अर्ज रुजू झाला, ब्लूम्सबरी भागात मुक्कामाची तजवीज झाली, आणि कोणत्या दिवशी काय पाहावे याचे टाचण मी एका संध्याकाळी आईला वाचून दाखवीत होतो. टॉवर, वेस्टमिन्स्टर, ग्रिनिच येथवर ती नुसती मान हलवीत होती, पण ब्रिटिश म्युझियमपाशी येऊन तेथील चोलकालीन नटराजाचे वर्णन मी करू लागलो, तेव्हा तिने मध्येच विचारले, "तिथं त्याला नैवेद्य कोण दाखवतं रे?"

ईश्वर सर्वत्र आहे, त्याला नैवेद्याची अपेक्षा नाही, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते मी दिले नाही याचे मला आज समाधान वाटते. हे उत्तर असत्य नव्हे, परंतु ते ज्याला इतक्या सहजी सुचते त्याने त्याची किंमत मोजलेली नसते. ईश्वर सर्वत्र असूनही वारकरी पंढरीची वाट चालतो, विठ्ठलाला पहाटे काकड्याने जागवतो आणि रात्री शेजारतीने निजवतो. हा सर्व व्यवहार भ्रममूलक मानावयाचा नसेल, तर सर्वव्यापी तत्त्व भक्ताच्या विनंतीवरून एका ठिकाणी राहावयास येते, आणि आल्यावर त्याची सेवाचाकरी आपल्यावर बंधनकारक होते, असेच म्हणावे लागेल.

भाद्रपदात आपण पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतो आणि ठरल्या दिवशी उत्तरपूजा करून त्याला निरोप देतो. या दोन विधींच्या मध्ये मातीचा तो आकार आपल्या घरचा अतिथी असतो; निरोपानंतर त्याच आकाराला पाण्यात सोडताना हात कापत असले, तरी पाप केल्याची भावना मनात नसते. म्हणजे आवाहनाइतकेच विसर्जनही अर्थपूर्ण आहे. मंदिरातून उचलून नेलेल्या मूर्तीची मात्र उत्तरपूजा कोणी केली? ज्या पिढीने तिला बोलावले ती काळाच्या उदरात गेली, ज्याने तिला हलविले त्याला निरोपाचा मंत्र ठाऊक नव्हता, आणि तिला "आता यावे" असे कोणीच म्हटले नाही. मालकीचा प्रश्न निराळा आहे आणि त्याचा निवाडा दस्तऐवज पाहूनच व्हावा. मी विचार करतो आहे तो निवासाचा. माझ्या समजुतीप्रमाणे ते आवाहन अद्यापि उभे आहे.

देवाने प्रवास करू नये असे मात्र आपल्या परंपरेने कधीच मानले नाही. चोलांच्या पंचधातूच्या मूर्ती मुळात उत्सवमूर्तीच. मिरवणुकीत वाहून नेता याव्यात म्हणून त्यांच्या बैठकीला दांडे अडकविण्याची सोय केलेली असते, आणि मिरवणूक संपली की त्या स्वस्थानी परततात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलातून श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली; भानुदासांनी विजयनगराहून विठ्ठल परत आणला, असे परंपरा सांगते. या प्रत्येक प्रवासात देवाबरोबर त्याचे भक्त चालले, आणि जेथे मुक्काम पडला तेथे त्याची पूजा चालू राहिली.

आश्चर्य असे की हा विचार लंडनला अगदीच अपरिचित नाही. कलकत्त्याच्या एका कुटुंबात घरचा देव पाळीपाळीने कोणाकडे न्यावयाचा याची फिर्याद होऊन ती प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली, तेव्हा १९२५ साली डाउनिंग स्ट्रीटवर बसलेल्या त्या न्यायाधीशांनी सांगितले की मूर्ती ही मालमत्ता नसून विधिमान्य व्यक्ती आहे, आपण कोठे राहावे याविषयी तिच्या इच्छेला मान दिला पाहिजे, आणि तिची बाजू मांडण्यास निःस्वार्थी मनुष्य नेमावा. पुढे १९७६ साली तमिळनाडूतील पाथूर येथे, एका मोडकळीस आलेल्या मंदिराजवळ जमिनीत पुरलेला नटराज एका मजुराच्या हाती लागला आणि हस्ते-परहस्ते लंडनला पोहोचला. एका कॅनेडियन कंपनीने तो विकत घेतला होता. पोलिसांनी तो ताब्यात घेतल्यावर जो दावा चालला त्यात मंदिर स्वतः हक्कदार म्हणून उभे राहिले, आणि मंदिरातील शिवलिंगाच्या नावेही हक्क सांगितला गेला. पूजा थांबलेल्या त्या मंदिराचा हक्क इंग्रज न्यायालयाने मान्य केला आणि १९९१ साली नटराज भारतात परतला. शतकानुशतके मातीखाली राहूनही त्याचे घर नाहीसे झाले नव्हते.

मी आईला यातले बरेचसे सांगितले. ती म्हणाली, "मग नुसतं बघून येऊ नकोस."

म्हणून टाचणात फेरफार केला आहे. शुक्रवारी ते म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. पूर्वी ही नोंद मंगळवारच्या दुपारी, दोन स्थळांच्या मध्ये तासाभरासाठी कोंबली होती, ती आता शुक्रवारी संध्याकाळी सातला घेतली आहे, आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठेवलेले नाही. मे महिन्यात तिकडे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होतात. फुले नेता यावयाची नाहीत. काचेसमोर हात जोडून मी उभा राहीन. त्या वेळी आई घरी जागी राहून देवापुढे वाटीभर दूध ठेवणार आहे, आणि कोणासाठी ते तिने मला सांगितले आहे.