वयाचा रकाना

आमच्या शाखेतल्या पेन्शनरांच्या कागदांवर विश्वास ठेवायचा, तर नांदेड जिल्ह्यातली एक अख्खी पिढी १ जून या एकाच दिवशी जन्मली. त्या दिवशी सुईणींची काय धांदल उडाली असेल! खरं तर या बाळंतपणांशी सुईणींचा काही संबंध नाही; ती सगळी हेडमास्तरांनी केलेली आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला दंडाला धरून आणायचा. जन्म कधीचा म्हणून विचारलं की ‘पोलीस ॲक्शनच्या आगंमागं’ किंवा ‘म्हैस मेली त्या पावसाळ्यात’ असं उत्तर यायचं. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं! जन्मतारीख, १ जून. पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर ३१ मेला कचेऱ्याकचेऱ्यांतून एवढे निरोपसमारंभ होतात की शाल-नारळवाल्यांची ती दिवाळीच.

वय म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा. मी पडलो बी.कॉम. आम्हाला तत्त्वज्ञान नव्हतं, घसारा होता. घटत्या शिलकेवर दर साल १५ टक्के वजा करत गेलं, तर एक लाखाचं यंत्र ६० वर्षांनी पुस्तकात सहा रुपयांच्या आत येतं. शून्य मात्र कधी होत नाही. सहा रुपयांत हल्ली नांदेडात चहासुद्धा मिळत नाही. पण पुस्तकापुरतं यंत्र जिवंत असतं.

असं एक जिवंत यंत्र चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या वाट्याला आलं. शाखेच्या एका ठेकेदार खातेदाराला जुन्या बुलडोझरवर कर्ज हवं होतं. यंत्र उभं होतं लातूरच्या बाहेर, औसा रस्त्याला. फील्ड ऑफिसरसाहेब आणि व्हॅल्युअर निघाले, आणि फॉर्म भरायला म्हणून मला जीपमध्ये मागे कोंबलं. फॉर्मात एकच अवघड रकाना होता: ‘मॉडेल व उत्पादनाचे वर्ष’. रकाना केवढा? चार आकडे मावतील एवढा.

ठेकेदारानं यंत्राला ताजा पिवळा रंग दिला होता. व्हॅल्युअर म्हणाले, कॅटरपिलर कंपनीची यंत्रं आधी राखाडी असायची, १९३१ सालापासून ती पिवळी झाली. म्हणजे रंगावरून एवढंच सिद्ध झालं, की हे यंत्र १९३१ नंतरचं आहे. तेवढं तर आम्हालाही दिसत होतं. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. हा सुरवंट मात्र फुलपाखरू होण्याची आशा सोडून बाभळीखाली बसलेला.

पुढे शोध शास्त्रशुद्ध झाला. या कंपनीच्या यंत्रांच्या नंबरात सुरुवातीची अक्षरं म्हणजे कूळ, पुढचा आकडा म्हणजे त्या कुळातला कितवा. बाजूच्या पट्टीवर ‘४६ए’ होतं. हे डी-८एच मॉडेलचं कूळ, १९५८ ते १९७४ या काळातलं. ठेकेदार पुढे होऊन म्हणाला, “लिहा साहेब, १९७४!” पण पट्टी रिव्हेटऐवजी नट-बोल्टनं बसवलेली. व्हॅल्युअरनी मागच्या गिअरपेटीवरचा रंग पान्यानं खरवडला, तर तिथं लोखंडात ठोकलेलं निघालं ‘१४ए’. म्हणजे पन्नासच्या दशकातलं, जुन्या डी-८चं. इंजिनावर पुन्हा ‘४६ए’. चेन गेल्या वर्षीची. ब्लेड कुठल्या तरी तिसऱ्याच यंत्राचं. एका जन्मात एवढे बाप कर्णालाही नव्हते.

आता वय कुणाचं लिहायचं? सांगाड्याचं, इंजिनाचं की चेनीचं?

हा प्रश्न काही आमच्या बँकेनं काढलेला नाही. मिलिंद राजाला नागसेनानं हेच विचारलं होतं: रथ म्हणजे कोण? चाक? आस? जू? यातलं एकही नव्हे. सगळं जुळून येतं तेव्हा त्याला आपण रथ म्हणतो. राजा पाली भाषेत निरुत्तर झाला, आमचे साहेब मराठीत झाले. घरातलं उदाहरण घ्या. आमच्या घरी आजीची गोधडी आहे. वरचं लुगडं तीनदा बदललं, आतल्या चिंध्या दोनदा, धागा तर दर दिवाळीला. तरी ती आजीचीच. तिला ‘नवी गोधडी’ म्हणण्याची घरात कुणाची छाती नाही.

एवढ्यात यंत्राचा ऑपरेटर आला. सत्तरीच्या जवळपासचा, खात्यातून निवृत्त झालेला. सगळे त्याला मामा म्हणत. मी विचारलं, “मामा, मशीन किती जुनी असेल?”

“कामून इचारता साहेब? माझं तरी कुठं ठाव हाय? माय म्हनायची पोलीस ॲक्शननंतरच्या चवथ्या सुगीचा. गुर्जीनं लिवलं १ जून १९५०.”

मी बोटांवर मोजलं. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ची. चौथी सुगी म्हणजे १९५२. गुरुजींनी पोराला दीड-दोन वर्षं उसनी दिली, शाळेत घ्यायचं म्हणून. खात्यानं ती २००८च्या ३१ मेला वसूल केली.

मामा त्याच खात्यात या यंत्रावर बसला होता. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची माती आपण हिनंच ओढली, असं तो सांगत होता. मग म्हणाला, “त्र्याण्णवला किल्लारीला नेली हिला. चार दिवस ब्लेड खाली टेकवलं न्हाई. दगडाखाली मानसं हायती, तर ब्लेड कसं लावावं? हातानंच काढली. त्या चार दिवसांत आम्ही दोघंबी म्हातारे झालो.”

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथं काय झालं, हे लातूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कुणी काही बोललं नाही. ठेकेदारानंही १९७४चा विषय थोडा वेळ थांबवला. नंतर मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “इंजिन तर खरंच त्या कुळातलं आहे ना? मग खोटं काय त्यात?”

हाच तो नैतिक प्रश्न, आणि तो जीपमध्ये परतताना मला सोडीना. कर्ज मिळालं नाही तर यंत्र भंगारात जाणार होतं, आणि मामाची रोजी त्याच्याबरोबर. ठेकेदाराचं उत्तर तसं पुराव्याचं होतं. गुरुजींची तारीख मात्र सरळसरळ बनावट. तरी मला गुरुजी खरे वाटतात आणि ठेकेदार खोटा. कारण गुरुजींच्या तारखेत गुरुजींना काहीच मिळणार नव्हतं; मिळणार होतं ते पोराला, पाटी आणि अक्षर. ठेकेदारानं चार खऱ्या उत्तरांतून एक उचललं, ते जास्त खरं म्हणून नव्हे, त्यावर जास्त पैसे मिळतात म्हणून. फायदा बघून निवडलेलं सत्य मला बनावट नोटेसारखं वाटतं: कागद चांगला, छपाई सुबक, पण रोखपालाचं बोट अडखळतं. अर्थात गुरुजींचा चांगुलपणाही फुकट नव्हता. त्याची किंमत मामानं दोन वर्षांच्या पगारात भरली.

साहेब शहाणे होते. त्यांनी फॉर्मात बारीक अक्षरात लिहवलं: ‘सांगाडा १९५०च्या दशकातील, इंजिन १९५८ नंतरचे, चेन नवी, चालू स्थितीत.’ रकान्याबाहेर समासापर्यंत मजकूर गेला. वरिष्ठ कार्यालयानं फॉर्म परत पाठवला. शेरा होता, ‘कृपया एकच वर्ष नमूद करावे.’ साहेबांनी तोच फॉर्म पुन्हा तसाच धाडला. कर्ज काही झालं नाही. ठेकेदारानं सासऱ्याकडून पैसे उचलले, असं ऐकतो. सासऱ्यानं वर्ष विचारलं नसावं.

बँकेतल्या सगळ्या फॉर्मांत मला एकच मनापासून आवडतो, तो म्हणजे हयातीचा दाखला. नोव्हेंबरात पेन्शनर काठी टेकत काउंटरला येतात. आता अंगठ्यावरही काम होतं, पण पुष्कळांना माणसापुढेच उभं राहायचं असतं. त्या कागदावरही जन्मतारीख असते, बहुधा १ जून. पण तिच्याबद्दल कुणी वाद घालत नाही. गुडघे बदलले का, डोळ्यांत भिंग कुणाचं, दात मूळचे का नवे, हेही कुणी विचारत नाही. त्यात एवढंच प्रमाणित करायचं असतं, की ही व्यक्ती आज हयात आहे. त्यावर सही करताना माझा हात आजवर कधी अडखळला नाही.