गप्प बसण्याची किंमत

विंडोजमध्ये ‘एसआरव्ही डॉट सिस’ नावाचा एक ड्रायव्हर आहे. नेटवर्कवरून फाइल शेअर करताना पलीकडून आलेला डेटा तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसून वाचतो. एका ठिकाणी तो एका यादीचा ३२ बिटांचा आकार दुरुस्त करताना फक्त १६ बिट बदलायचा. वरचे १६ जुनेच राहायचे. त्यामुळे मेमरी राखली जायची लहान आणि तिच्यात ओतली जायची मोठी यादी. जास्तीचा डेटा शेजारच्या मेमरीवर सांडायचा. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. काय सांडायचं हे पाठवणाऱ्याला ठरवता आलं, की मशीन त्याचं.

अशी चूक कुणाच्याही हातून होते. मला छळणारा प्रश्न पुढचा आहे: ती सापडल्यावर गप्प बसावं का?

अमेरिकेची गुप्तचर संस्था एनएसए गप्प बसली. तिने या चुकीतून ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार बनवलं आणि ते चोरीला गेलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ला पॅच काढला, १४ एप्रिलला हत्यार इंटरनेटवर आलं आणि १२ मे रोजी त्यावर बसून ‘वॉनाक्राय’ पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९ हजारांहून जास्त अपॉइंटमेंट रद्द झाल्या. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने हेच हत्यार वापरलं, तेव्हा आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प झालं.

गुप्तचरांची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये शिरून बॉम्बस्फोट टळणार असेल तर? शिवाय पॅच आलेला असताना तो न टाकणाऱ्यांचाही दोष आहेच.

पण माझ्याकडे बंदूक असली म्हणून शेजाऱ्याचं दार कमकुवत होत नाही. बगचं तसं नसतं. दहशतवाद्याचं विंडोज आणि हॉस्पिटलचं विंडोज एकच. ही चावी चालू राहायची तर जगातली सगळी कुलपं मोडकी राहावी लागतात. लोकांच्या रक्षणासाठी नेमलेल्यांनी हे करणं म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. आणि मोठ्या हॉस्पिटलात पॅच टाकायला वेळ लागतो. सगळी मशीन तपासावी लागतात, कामात खंड पडून चालत नाही. गप्प बसणाऱ्याने नेमका तोच वेळ खाल्ला.

मग प्रत्येक गुपित वाईट का? नाही. गूगलची ‘प्रोजेक्ट झिरो’ टीमही बग सापडला की लगेच बोभाटा करत नाही. ती आधी कंपनीला कळवते आणि दुरुस्तीसाठी साधारण ९० दिवस देते. त्या गप्प बसण्याला तारीख असते, आणि ज्याचं घर आहे त्याला भगदाड ठाऊक असतं. मला फरक इथेच दिसतो.

माझ्या कोडमध्ये असं काही सापडलं, तर शोधणाऱ्याने आधी मला सांगावं असं मला वाटतं. मग दुसऱ्याच्या कोडमध्ये मला सापडलं तर मी वेगळा नियम कुठून आणू?