न्हाणीचें पाणी कोठें जातें?

गेल्या उन्हाळ्यांत आम्हां उभयतांनीं आपल्या घराची न्हाणी स्वतःच्या हातांनीं नवी केली. घर कर्जत आणि नेरळ ह्यांच्या दरम्यान, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशीं एका लहान गांवांत आहे. न्हाणी वडिलांच्या वेळची. शहाबादी फरशी झिजून मध्यें खळगा पडला होता, त्यांत पाणी सांचत होतें, आणि पावसाळ्यांत भिंतीवर शेवाळ चढत होतें. गवंड्यांस सवड नव्हती. कर्जत व खालापूर ह्या दोन्ही तालुक्यांत मुंबईकरांचे बंगले इतके उठत आहेत कीं, एवढ्याशा कामासाठीं कोणी येण्यास राजी होत नाहीं. तेव्हां "आपणच करूं" असें ठरलें. त्या कामांतून एक प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. तो आमच्या घरापुरताच नाहीं, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहें. प्रश्न असा : न कळत आपल्या हातून दुसऱ्याचें नुकसान झालें, आणि पुढें तें एकट्या आपणांसच कळलें, तर आपण त्या दुसऱ्याचें कांहीं देणें लागतों काय?

प्रथम कामाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण प्रश्न त्याच्याच पोटांतून निघाला. न्हाणी म्हणजे वरची फरशी, असें पाहणारास वाटतें. पण न्हाणीचा जीव फरशीच्या खालीं असतो. जमिनीस जाळीकडे उतार हवा, तोही बेताचा. साठ इंच लांबीस एक इंच, इतका पुरतो. जाळीखालच्या वांकांत दोनएक इंच पाणी नेहमीं उभें राहिलें पाहिजे, म्हणजे गटाराची घाण वर येत नाहीं. फरशी बसविण्यापूर्वीं कोब्यावर पाणी भरून एक दिवस व एक रात्र तसेंच ठेवावें, काठावर पेन्सिलीनें खूण करावी, आणि दुसऱ्या दिवशीं पाणी खुणेखालीं उतरलें कीं काय तें पाहावें. सिमेंटास निदान सात दिवस पाणी पाजावें. हें सर्व आम्ही मोबाईलवरचीं चित्रें पाहून आणि गांवांतल्या वृद्ध गवंड्यास विचारून शिकलों. काचेसारख्या नळींत पाणी भरून तिचीं दोन टोकें दोन भिंतींशीं धरलीं म्हणजे दोहोंकडे पाणी एकाच उंचीवर येतें, आणि त्यावरून पाणसळ काढतां येते. नळीचें एक टोंक माझ्या हातीं, दुसरें पत्नीच्या. तिचा हात माझ्याहून स्थिर. माझा पहिला उतार जाळीकडे न जातां दाराकडे गेला, तो तिनें मला हंसत हंसत फोडावयास लाविला.

जुनी फरशी उखडल्यावर खालीं भाजलेल्या मातीचा नळ लागला. दोन तुकड्यांच्या सांध्याशीं तो फुटला होता; किती वर्षांपूर्वीं, तें कोण सांगणार? न्हाणीचें थोडें पाणी बाहेरच्या गटारांत जात होतें, बाकीचें तेथेंच जमिनींत मुरत होतें. मीं म्हटलें, "बरें झालें, सांपडला." तोंच पत्नी उठून मागच्या दारीं गेली, ती बराच वेळ आली नाहीं. मी पाहावयास गेलों, तों ती बांधावर उभी राहून खालच्या घराकडे पाहत होती.

आमचा गांव उतारावर आहे. घरें पायऱ्यांसारखीं एकाखालीं एक. आमच्या खालच्या घरांत एक वृद्ध विधवा राहतात. सारा गांव त्यांस मावशी म्हणतो. त्यांची मागची भिंत आमच्या बांधाला लागून आहे. ती दगडमातीची, त्यांच्या यजमानांनीं स्वतः रचलेली. त्या भिंतीस कायमची ओल. दरवर्षीं दिवाळी झाली म्हणजे मावशी ती लिंपून काढीत, आणि दरवर्षीं लिंपण गळून पडे. एके ठिकाणीं भिंतीनें पोट काढलें होतें. लोक म्हणत, "म्हातारबुवांचा हात कच्चा होता." आम्हीं म्हणत असूं, "डोंगराचा झरा असेल." परंतु ती ओल चैत्रांतही हटत नव्हती. चैत्रांत झरा कोठला? हा प्रश्न आम्हांस इतक्या वर्षांत एकदांही पडला नाहीं. कारण भिंत आमची नव्हती.

त्या रात्रीं आम्हां दोघांत बोलणें झालें. माझें म्हणणें असें कीं, आतां गप्प राहावें. त्याला मजजवळ तीन कारणें होतीं. एक, आपणांस ठाऊक नव्हतें, आणि जें ठाऊक नव्हतें त्याचा दोष नाहीं. दुसरें, नळ आपण बदलीतच आहों. ओल आपोआप वाळेल. तिसरें, मावशींस सांगून त्यांचें काय भलें होणार? उगीच मनस्ताप, आणि दोन घरांत वितुष्ट. हें तिसरें कारण मला सर्वांत आवडलें, कारण तें दयेचें वस्त्र पांघरून आलें होतें.

पत्नीनें तिन्ही ऐकून घेतलीं आणि एकच विचारलें : "ओल वाळली म्हणजे मावशी वर येऊन म्हणतील, यंदा भिंत कशी कोरडी राहिली? तेव्हां तुम्ही काय सांगाल?"

मजजवळ उत्तर नव्हतें. आज गप्प राहणें म्हणजे उद्यां खोटें बोलणें, हें मला तोंवर दिसलें नव्हतें. मौन आणि असत्य ह्यांत अंतर आहे खरें. पण शेजारधर्मांत तें अंतर एका प्रश्नाएवढेंच असतें, आणि तो प्रश्न विचारणें दुसऱ्याच्या हातीं असतें.

आतां पहिल्या कारणाचा विचार करूं. न कळत झालेल्या गोष्टीचा दोष नाहीं, हें खरें आहे. परंतु दोष आणि देणें ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. वडील वारल्यावर त्यांच्या पेटींत कोणाकडून घेतलेल्या उसन्या पैशांची चिठ्ठी सांपडली, तर मुलाकडे दोष कोणता? कांहीं नाहीं. म्हणून चिठ्ठी चुलींत घालावी काय? आमचा फुटका नळ ही तशीच चिठ्ठी होती. शिवाय न कळण्याचेही दोन प्रकार आहेत. एक, कळण्याचा मार्गच नसणें. दुसरा, मार्ग असून त्या बाजूस कधीं न वळणें. जमिनीखालचा नळ आम्हांस दिसत नव्हता, हा पहिला प्रकार. चैत्रांतली ओल दिसत होती आणि आम्हीं तिचा विचार केला नाहीं, हा दुसरा.

ह्याच ठिकाणीं हातानें काम करण्याचा खरा लाभ मला दिसला. पैसे वांचले, हा लाभ लहान आहे. गवंडी मिळाला असता तर त्यानें फुटका नळ काढून गटाराच्या कडेस टाकला असता, नवा घातला असता, आणि आम्हांस कांहीं कळलें नसतें. घाणीचें, ओलीचें, खालच्या बाजूचें काम जो दुसऱ्यावर सोंपवितो, तो श्रमांतून सुटतो, इतकेंच नव्हे. तो तें काम काय आहे हें कळण्यांतूनही सुटतो. आपल्या देशांत जातींनीं नुसतीं कामें वांटून दिलीं नाहींत. कांहीं लोकांस न कळण्याचा हक्कही वांटून दिला. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं सफाईचें काम मागितलें, तें वरच्या मानलेल्या जातीचा म्हणून त्यांस नाकारण्यांत आलें. त्यासाठीं त्यांनीं उपवास केला, आणि त्यांच्या बाजूनें गांधीजींनींही येरवड्याच्या तुरुंगांत त्याच वर्षाच्या डिसेंबरांत उपवास केला. एका माणसानें घाण काढण्याचा अधिकार मागावा आणि सरकारनें तो नाकारावा, हें ऐकावयास विचित्र वाटतें. पण त्या अधिकारांत जाणण्याचा अधिकार होता. पुढें कणकवलीजवळ गोपुरी येथें अप्पासाहेबांनीं संडासाच्या रचनेंत ज्या सुधारणा केल्या, त्या स्वतः हात घातल्यावांचून सुचत्या ना. त्यांच्या कामाचा धागा देहूचे डॉ. मापुसकर ह्यांनीं पुढें नेला. त्यांनीं आरंभीं बांधविलेले संडास पावसाळ्यांत खचले, तेव्हां त्यांनीं लोकांस दोष दिला नाहीं. बांधणींत काय चुकलें तें शोधलें. २०१७ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली. मैला हातानें काढावयास लावण्याची चाल १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं बंद केली. तरी शहरांच्या गटारांत माणसें अजून उतरविलीं जातात. वर राहणारांस खालीं काय आहे हें कळत नाहीं, तोंवर तें चालत राहील, अशी भीति वाटते.

ह्यावरून प्रत्येकानें गवंडी व्हावें, असें माझें म्हणणें नाहीं. गवंड्याच्या हातांत जें वळण आहे तें एका उन्हाळ्यांत येत नाहीं, आणि त्याची रोजी बुडविण्यांत कोणतेंही पुण्य नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, आपल्या घराचें जें काम दुसरा करतो, तेथें एकदां तरी वांकून पाहावें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही खालीं गेलों. फुटक्या नळाचा तुकडा मीं बरोबर घेतला होता. पत्नीनें सर्व हकीकत सांगितली. मीं नुसता तुकडा पुढें केला. भिंत दुरुस्त करून देऊं, गवंड्याची मजुरी व सामान आमच्याकडे, असेंही सांगितलें. मावशींनीं तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग उठून भिंतीशीं गेल्या आणि तिला हात लावून उभ्या राहिल्या. त्या रागावतील, रडतील, निदान बोलतील, अशी माझी समजूत होती. त्या थोड्या वेळानें म्हणाल्या :

"म्हणजे भिंत चांगली होती. धन्यानं नीट बांधली होती."

पुन्हां म्हणाल्या, "मी त्यांस लई बोलले ह्या भिंतीवरून."

त्यांचे यजमान जाऊन अठरा वर्षें झालीं. ह्या अठरा वर्षांत, आणि त्यांच्या हयातींतही, आमच्या न्हाणीचें पाणी एका माणसाची कारागिरी खोटी ठरवीत होतें. आम्ही दगड, माती आणि मजुरी ह्यांचा हिशेब करून गेलों होतों; हें देणें आमच्या हिशेबांत नव्हतें. आणि "मावशींस सांगून त्यांचें काय भलें होणार?" असें मीं ठरवून टाकलें होतें! दुसऱ्याचें भलें कशांत आहे हें त्यास न विचारतां ठरविणें, हाही एक फुटका नळच. त्यांतून काय कोठें मुरतें, तें आपणांस दिसत नाहीं.

पुढचें थोडक्यांत सांगतों. गवंडी चार दिवस आला. त्यानें मावशींच्या भिंतीचें पोट उतरवून तेवढा भाग पुन्हां रचला. आमची न्हाणी पाहून तो कोपऱ्यांतल्या एका फरशीकडे बोट दाखवून हंसला, आणि आम्हींही हंसलों. नव्या न्हाणीचें पाणी आम्हीं बांधाकडे न सोडतां आपल्याच परसांत वळविलें. विहिरीपासून दूर, कंबरभर खोल शोषखड्डा खणला. तळाशीं मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. नांदेड जिल्ह्यांत असे खड्डे घरोघरीं करून उघडीं गटारें बंद करण्यांत आलीं, त्याचें अनुकरण केलें. परंतु नांदेडचा पाऊस निराळा आणि आमचा निराळा. येथें वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. आषाढांत जमीन तुडुंब झाली म्हणजे खड्डा पाणी पीत नाहीं. म्हणून जास्तीचें पाणी गांवच्या गटारास जोडलें, आणि खड्ड्याभोंवतीं केळी व अळू लाविलें. आमच्या आज्यांनीं मोरीच्या पाण्यावर अळू लावण्याची चाल ठेवली होती. ती न्हाणी पक्की झाली तेव्हां आम्हींच मोडली होती.

हें सारें एका बांधापुरतें झालें. पण आमच्या दोन्ही तालुक्यांची भूमीच उताराची आहे. राजमाचीच्या खोऱ्यांत उगवलेली उल्हास कर्जत व नेरळवरून बदलापूर-कल्याणकडे जाते. पाताळगंगा खोपोलीवरून खालापूर तालुक्यांतून धरमतरच्या खाडीकडे जाते. १९१५ सालीं खोपोलीस आणि १९२२ सालीं भिवपुरीस वीजघर सुरू झालें. तेव्हांपासून घाटमाथ्यावरच्या तलावांचें पाणी नळांतून खालीं येऊन चक्रें फिरवितें आणि ह्याच दोन नद्यांस मिळतें. वरच्या माणसाचें जाणारें पाणी तें खालच्या माणसाचें येणारें पाणी, हा येथला भूगोल आहे. बदलापुरास तोंड धुणारा मनुष्य कर्जतच्या गटाराचा शेजारी आहे. त्याची भिंत आम्हांस बांधावरून दिसत नाहीं, इतकेंच.

गेल्या दिवाळीनंतर मावशींनीं भिंत नेहमींप्रमाणें लिंपली, आणि ह्या चैत्रांत लिंपण जागच्या जागीं होतें. कोणी पाहुणा आला तर त्या त्यास आधीं मागच्या बाजूस नेतात आणि भिंत कोणी बांधली तें सांगतात.

वाचकांपैकीं ज्यांचीं घरें उतारावर आहेत, त्यांनीं एकदां मागच्या दारीं जाऊन आपल्या न्हाणीचें पाणी कोठें जातें तें पाहावें. खालीं कोणाची भिंत ओली दिसली, तर डोंगरास दोष देण्याची घाई करूं नये.