पिढीजात धंदा सोडणे हे पाप आहे काय?

गेल्या चैत्रात कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात आमच्या एका उपदेशकबंधूंच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. त्यांच्या शेजारी एक वृद्ध चर्मकार राहतात. सारा गाव त्यांस तात्या म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे गेलेले. तथापि ओसरीवर बसून ते अजून वाहणा शिवतात. त्यांचा एकुलता मुलगा तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षक आहे, आणि त्याने आरी कधी हातीही धरलेली नाही. एके संध्याकाळी तात्यांनी रापी बाजूस ठेविली आणि ते म्हणाले, "मास्तर, ही आमच्या आज्यापणज्याची विद्या. माझ्यासंगं जाणार. पोरानं सोडली हे त्याचं पाप, का मी शिकवली नाही हे माझं?"

प्रश्न सरळ होता, परंतु मजपाशी त्याचे उत्तर तयार नव्हते. घरी आल्यावर मी त्यावर पुष्कळ विचार केला. आमच्या मंडळ्यांतील कितीएक घराण्यांनी आपले पूर्वीचे धंदे सोडले आहेत. त्यांसही हा प्रश्न आज ना उद्या पडणारच. म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते नीट पाहिले पाहिजे. कारण चांभारकाम म्हटले की आपण नाक मुरडतो आणि पुढे पाहतच नाही. ओले कातडे चार दिवसांत कुजते. ते वर्षानुवर्षे टिकावे म्हणून ढोर समाजाचे लोक ते चुन्यात घालून केस व मांस काढीत, आणि मग बाभळीची साल व हिरडा ह्यांच्या पाण्यात अनेक दिवस मुरवून कमावीत. साल किती, हिरडा किती आणि कातडे बाहेर केव्हा काढावे, हे सांगणारे पुस्तक त्यांच्यापाशी नव्हते. बोटांस लागणारा स्पर्श आणि नाकास येणारा वास हीच त्यांची मापे होती. तेथून ते कातडे चांभाराच्या हाती येई. तळवा म्हशीच्या जाड कातड्याचा, वरचे काम बहुधा शेळीच्या मऊ कातड्याचे. अस्सल कोल्हापुरी वहाणेत खिळा नसतो. तळव्याचे थर कातड्याच्याच वादीने शिवतात. वरची नाजूक वेणी पुष्कळ घरी स्त्रियाच घालतात, पण कारागीर म्हणून नाव मात्र पुरुषाचे होते. तात्यांच्या पत्नीने घातलेली वेणी मी हाती घेऊन पाहिली. तिच्यात एक पदर सैल नव्हता. जो मनुष्य असे काम करू शकतो त्यास अडाणी म्हणणे हाच खरा अडाणीपणा होय.

आता दुसरी बाजू. ही विद्या त्या घराण्याने निवडलेली नव्हती. ती त्याच्यावर लादलेली होती. बलुतेपद्धतीत चांभाराने शेतकऱ्याची मोट सांधावी, आसूड व वाहणा करून द्याव्या, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागावा, अशी रीत होती. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली 'गावगाडा' ह्या ग्रंथात ह्या सर्व व्यवहाराचे सविस्तर वर्णन केले आहे. वर्षभराच्या पोटाची सोय होई हे खरे. परंतु कारागिरास गिऱ्हाईक सोडता येत नसे आणि मुलास दुसरा धंदा धरता येत नसे. ज्या पाण्याची मोट त्याने शिवली, त्या विहिरीस हात लावण्याची त्यास मनाई होती! ज्याच्या वाहणा घालून पाटील चावडीवर जाई, त्याने त्या चावडीच्या पायरीखाली उभे राहावे! कामाची गरज साऱ्या गावास, आणि विटाळ मात्र काम करणाऱ्यास. ह्या अन्यायाचा विसर पडून केवळ कलेचे कौतुक होऊ लागले की मला भीती वाटते.

असे कौतुक करणारे थोर थोर लोक होऊन गेले. सर जॉर्ज बर्डवुड ह्यांनी १८८० साली हिंदुस्थानच्या हस्तकलांवर ग्रंथ लिहिला; डॉ. आनंद कुमारस्वामी ह्यांनी १९०९ साली भारतीय कारागिरावर लिहिला. यंत्रयुगाच्या मजुराहून आपला वंशपरंपरेचा कारागीर सुखी व प्रतिष्ठित आहे, असा एकंदर त्यांचा सूर होता. त्यांचे हेतू चांगले होते. साम्राज्याच्या बाजारात येथील हातांची किंमत कोणी करीत नसता त्यांनी ती केली, हे उपकारच. परंतु मूर्ती घडविणाऱ्या स्थपतीकडे पाहून लिहिलेले विचार ढोराच्या कुंडापाशी बसून वाचले तर गळ्याखाली उतरत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या सभेकरिता लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात ह्या मुद्द्याचे मूळच उघडे केले: जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली रचून एकमेकांपासून तोडते.

तात्यांचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढेही आलेला आहे. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी ह्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांकरिता अशी योजना काढली की, मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे व उरलेल्या वेळी घरच्या धंद्यात लक्ष घालावे. कुलधंद्याचे शिक्षण म्हणून लोकांनी तिला कडाडून विरोध केला, आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. वकिलाचा मुलगा घरी जाऊन कायद्याची पुस्तके चाळणार आणि चांभाराचा मुलगा कातडे धुणार, हे लोकांस समजावून सांगावे लागले नाही. पुढे १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात चर्मकार, कुंभार, सुतार, लोहार आदी १८ धंद्यांच्या कारागिरांस प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ३ लाखांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद आहे. मदत चांगलीच. परंतु अर्जदाराच्या घरात तो धंदा पिढीजात असावा, ह्या अटीस तामिळनाडू सरकारने २०२४ साली हरकत घेतली, आणि किमान वय १८ ऐवजी ३५ करावे अशीही मागणी केली. अठरा वर्षांच्या मुलाने अजून शिकावे, त्यास बापाच्या अवजारांची लालूच दाखवू नये, हा त्यातला अर्थ. मला ती हरकत योग्य वाटते.

येथे कोणी म्हणेल, मग ही कला मरू द्यावी काय? जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान शहरी कोल्हापुरीसारख्याच वाहणा दाखविल्या आणि आरंभी कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला संताप आला. त्या वाहणांचे मूळ भारतीय कारागिरीत आहे, हे मग कंपनीस कबूल करावे लागले. संताप रास्तच होता; ह्या वहाणेस २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे तिचे माहेर मानले गेले आहेत. परंतु "आपला वारसा, आपला वारसा" म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांच्या आज्याने चांभाराच्या हातचे पाणी घेतले होते? पराक्रमाच्या दिवशी वारसा साऱ्यांचा, आणि कुंडातले कातडे उपसण्याच्या दिवशी तो एका जातीचा, हा न्याय कोठला?

आम्हां ख्रिस्ती लोकांसही ह्या बाबतीत फार मान वर करून बोलता येणार नाही. दक्षिणेस बाझल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, तो मुख्यतः अशाकरिता की बाप्तिस्मा घेताच जातीबरोबर ज्यांचा धंदाही गेला, त्यांस भाकरी मिळावी. हेतू दयेचा होता. पण त्याच मंगळुरी कौलांनी पुढे कोकणातील कुंभाराच्या हातकौलांचे गिऱ्हाईक तोडले. शिवाय शिकून पांढरपेशे झालेल्या आमच्या मुलांत हातकामाची जी लाज दिसते ती आम्ही पवित्र शास्त्रातून घेतलेली नाही. ती ज्या व्यवस्थेतून आम्ही बाहेर पडलो, तिचीच शिदोरी होय. पेत्र यापो येथे बरेच दिवस राहिला तो कोणाच्या घरी? शिमोन नावाच्या कातडे कमावणाऱ्याच्या. आमच्या मराठी शास्त्रात त्यास चांभार म्हटले आहे. खरे पाहता त्याचे काम आपल्याकडील ढोराचे. यहूदी लोकांतही ते काम हलके गणले जाई. प्रेषिताने त्याच घराच्या धाब्यावर प्रार्थना केली, आणि शिमोनाने आधी धंदा सोडावा अशी अट घातल्याचे कोठे लिहिलेले नाही.

तेव्हा तात्यांस काय सांगावे? मुलाने पाप केले नाही. जी गोष्ट मनुष्यास नाकारता येत नव्हती ती नाकारण्याचा अधिकार मिळाल्यावर त्याने तो वापरला, एवढेच. कलेचे ऋण आहे, हे मीही मानतो. परंतु ते फेडावयाचे कोणी? ज्यांनी त्या वाहणा पिढ्यान्पिढ्या वापरल्या आणि मजुरीबरोबर अपमान दिला, त्यांनी. बापानेही पाप केले नाही. आपल्या अंगावरचा डाग मुलाच्या अंगास लागू नये म्हणून त्याने रापी लपविली. परंतु कोणी स्वखुशीने शिकावयास आला आणि त्याची जात पाहून त्यास परत लाविले, किंवा धंदा प्रतिष्ठेचा नाही म्हणून हसून घालविले, तर तेथे मात्र दोष लागतो, मग ते करणारा कोणीही असो.

निघण्याच्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या ओसरीवर गेलो आणि हे सर्व त्यांस सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मध्ये हाताने कातडे ओले करीत होते, त्यावर आरीने भोके पाडीत होते. मी म्हणालो, "तात्या, विद्या जातीची नाही. जो शिकेल त्याची."

"खरं हाय मास्तर," ते म्हणाले. मग मान वर करून त्यांनी विचारले, "तुमचं धाकटं पोरगं बारावीला हाय म्हणालात न्हवं? सुट्टीत धाडता काय महिनाभर?"

मी माझ्या पायांतील वाहणांकडे पाहिले. मोटारीची वेळ झाली आहे, असे काहीसे मी पुटपुटलो.